संप म्हणजे एकी : मराठी वृत्तपत्रांच्या संपादकांना खुलं पत्र

मराठी वृत्तपत्रांच्या आणि वृत्तवाहिन्यांच्या संपादकांना,

सप्रेम नमस्कार.

१९८२ साली मी दहा वर्षांची होते. बाबा लालबागच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. १८ जानेवारीला संप सुरू झाला आणि शिमगा येईपर्यंत आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत या शब्दाचा अर्थ ठरून गेला होता : बाबा दिवसभर घरी, भोंगा मुका, आणि वाण्याकडे उधारीचं खातं. दुकान एका गुजराती काकांचं होतं. आई पिशवी देऊन मलाच पाठवायची, कारण लहान मुलीला ‘नाही’ म्हणणं जड जातं हे तिला ठाऊक होतं. एकदा काका गल्ल्यावर कुणाशी तरी बोलत होते. ओळखीतल्या दोन भावांचं कौतुक चाललं होतं. ‘बे भाईओमां सारो संप छे,’ ते म्हणाले. मी घरी येऊन आईला सांगितलं, त्या दोघा भावांचाही संप आहे, मग त्यांच्याकडे तेल-मीठ कुठून येत असेल? आई काहीच बोलली नाही. पुढच्या खेपेला मी काकांनाच विचारलं. त्यांनी वजनाचा काटा हातातून खाली ठेवला आणि सांगितलं, ‘बेटा, आमच्यात संप म्हणजे एकोपा. संप त्यां जंप. जिथे एकोपा, तिथे घराला स्वस्थता.’

त्या दिवसापासून हा शब्द माझ्या मनात रुतून बसला आहे. पुढे मी मुद्रितशोधक झाले आणि सत्तावीस वर्षं एका मराठी दैनिकात प्रुफं वाचली. संपाच्या शेकडो बातम्या माझ्या पेन्सिलीखालून गेल्या. ऱ्हस्व-दीर्घ मी सगळीकडे नीट केलं. त्या शब्दाचं जे होत होतं, त्याला मात्र हात लावला नाही. तो माझा अधिकार नव्हता, तुमचा होता. म्हणून हे पत्र तुम्हाला.

गुजराती काकांचा संप आणि बाबांचा संप हे वेगळे शब्द नाहीत, शब्द एकच आहे. जुन्या मराठीतही संप म्हणजे आधी एकी, जूट, आपसातला ठराव. कधी चांगल्या अर्थाने, कधी ‘यांचा काहीतरी संप आहे’ अशा संशयाच्या सुरात. त्यातला ‘सम्’ म्हणजे एकत्र. हाच ‘सम्’ तुमच्या ‘संपादक’ या पदनामाच्याही सुरुवातीला आहे. लोकांनी एकत्र येऊन ठराव करायचा, तो पाळायचा, आणि पाळताना गरज पडली तर हातातलं काम खाली ठेवायचं. काम थांबणं हा त्या ठरावाचा परिणाम होता. मराठीने नाव दिलं ते ठरावाला.

इतर भाषांनी काय केलं ते पाहा. इंग्रजीतला ‘स्ट्राइक’ १७६८ साली लंडनच्या बंदरात खलाशांनी जहाजांची शिडं उतरवून ठेवली त्या कृतीवरून आला. शीड उतरलं, जहाज अडलं. फ्रेंचांनी ‘ग्रेव्ह’ हे नाव पॅरिसमधल्या एका चौकावरून घेतलं. तिथे कामाच्या शोधात माणसं उभी राहायची, आपल्याकडे मजूर नाक्यावर उभे राहतात तशी. हिंदी-गुजरातीतल्या हडताळमध्ये हाट आणि ताळा आहे, म्हणजे बाजाराला लागलेलं कुलूप. आपला हरताळही तोच. (‘हरताळ फासणे’ मधला हरताळ निराळा. ते पिवळं खनिज. पोथीतला चुकीचा मजकूर झाकायला ते फासत. माझ्या धंद्यातली ती सर्वांत जुनी वस्तू, म्हणून एवढं सांगितलं.) कुणी शिडावरून नाव दिलं, कुणी चौकावरून, कुणी कुलपावरून. मराठीने ते माणसांच्या एकमेकांशी असलेल्या नात्यावरून दिलं. मला याचा फार अभिमान वाटतो. तुम्हालाही वाटावा असं मनापासून वाटतं.

आणि हे नाव नुसतं कोशात राहिलं नाही, माणसांनी ते खरं करून दाखवलं. १८९० च्या सुमारास मुंबईच्या न्हाव्यांनी संप केला, तो मजुरीसाठी नव्हता. विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही, हे पाप आमच्या हातून घडणार नाही, असा तो ठराव होता. नवरा गेलेल्या कुणा मुलीच्या डोक्यावर वस्तरा चालवून चार पैसे मिळत होते, ते त्यांनी नाकारले. त्यामागे सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे होते. १८८४ साली याच लोखंड्यांनी गिरणी कामगारांची पहिली संघटना उभी केली, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं, ‘दीनबंधु’ हे वृत्तपत्र चालवलं. १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्या लढ्यामुळे. तुम्ही रविवारची पुरवणी काढता, ती वाचायला कामकरी माणसाला जो दिवस मोकळा मिळतो, त्याच्या मुळाशी ती माणसं आहेत.

१९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि गिरणगावाने २३ ते २८ जुलै असे सहा दिवस काम बंद ठेवलं, शिक्षेच्या एका वर्षाला एक दिवस. त्यातही पगारवाढीची मागणी नव्हती. १९३३ साली अलिबागजवळच्या चरीत कुळांनी खोतांची जमीन कसणं सोडलं. नारायण नागू पाटलांच्या पाठीशी पंचवीस गावं उभी राहिली आणि १९३९ पर्यंत, सहा वर्षं, खोतांच्या शेतात नांगर घातला नाही. भातशेतीच्या मुलखात घरचं भात नसताना सहा पावसाळे काढणं म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. त्यालाही लोकांनी ‘संप’च म्हटलं. ना गिरणी, ना पगार, ना भोंगा. तरी शब्द चपखल बसला, कारण त्याचा अर्थ एकी होता. १ जून २०१७ ला पुणतांब्याहून शेतकरी संपावर गेले, तेव्हा आपल्यातल्या काही शहाण्या माणसांनी विचारलं होतं की शेतकरी स्वतःच मालक, तो संप कसा करील? चरी ज्याला माहीत आहे त्याला हा प्रश्न पडायचं कारण नव्हतं. त्या दिवसांत मी नोकरीत होते. चरीचा उल्लेख आमच्या एकाही बातमीत आला नाही.

एकी म्हटलं की सगळं गोड होतं असं मात्र मी म्हणणार नाही. गिरणगावातली एकी अपुरी होती आणि ते सांगितल्याशिवाय या शब्दाची गोष्ट खरी होत नाही. १९२८ चा सार्वत्रिक संप एप्रिल ते ऑक्टोबर चालला, दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते. दोन साच्यांऐवजी तीन साचे चालवा, म्हणजे काम वाढेल आणि माणसं कमी होतील, या मालकांच्या योजनेविरुद्ध तो होता. लाल बावट्याची, म्हणजे कम्युनिस्टांची, गिरणी कामगार युनियन त्याच संपात जन्मली. पण त्याच गिरण्यांत विणाई खात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नसत. तुटलेला धागा सांधताना तो तोंडाला लावावा लागे, आणि सवर्ण कामगाराला विटाळ होई. विणाईत पगार जास्त होता. तो पगार एका माणसाला मिळायचा आणि शेजारच्या चाळीतल्या दुसऱ्याला मिळायचा नाही, ते मालकाच्या हुकमाने जितकं, तितकंच सोबतच्या कामगाराच्या मनातल्या भिंतीमुळेही. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढाऱ्यांना नेमकं इथेच धरलं. तुमच्या मागण्यांत हे का नाही, असं त्यांनी विचारलं. माझे बाबा विणाई खात्यात होते. आम्ही मराठे. बाबांच्या आधीच्या पिढीला ती जागा कशी मिळाली आणि कुणाला मिळाली नाही, हे मला बाबांकडून नाही, खूप उशिरा पुस्तकांतून कळलं.

आणि तेच बाबासाहेब दहा वर्षांनी संपाच्या बाजूने असे उभे राहिले की त्याहून जास्त नेमकं कुणी बोललेलं मला माहीत नाही. १९३८ साली मुंबई प्रांताच्या सरकारने औद्योगिक कलहाचं विधेयक आणलं. त्यात संपावर बंधनं आणि शिक्षा होती. विधिमंडळात ते म्हणाले त्याचा आशय असा : आपल्याला मान्य असलेल्या अटींवरच आपली सेवा देण्याचं जे स्वातंत्र्य, त्याचंच दुसरं नाव संप. संप करणाऱ्याला शिक्षा करणं म्हणजे कामगाराला गुलाम करणं. ७ नोव्हेंबर १९३८ ला त्या विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला. १९२८-२९ मध्ये बाबासाहेब आणि लाल बावटेवाले यांचं पटलं नव्हतं, पण त्या दिवशी बाबासाहेबांचे स्वतंत्र मजूर पक्षवाले आणि लाल बावटेवाले एकत्र होते. शब्दाला त्याचा मूळ अर्थ त्या दिवशी थोडा तरी परत मिळाला.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. ‘संपकऱ्यांनी जनतेला वेठीस धरले.’ हा मथळा मी किती वेळा तपासून पुढे पाठवला याची मोजदाद नाही. ‘वेठीस’ मधली दीर्घ वेलांटी मी जपली. वेठ काय ते मला माहीत होतं, तरीही. वेठ म्हणजे संस्कृतातली विष्टी. सत्तेने माणसाला धरून न्यायचं आणि फुकट राबवायचं. पाटलाने, मामलेदाराने, इनामदाराने. ओझं उचल, निरोप ने, मेलेलं जनावर ओढ, लाकडं फोड, आणि मजुरी मागायची नाही. महार-मांग वस्त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जी वेठबिगार काढली ती ही. संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने ती बंद केली. मराठीत वेठीस धरला जातो तो राबणारा आणि वेठीस धरतो तो बळजोर, अशी या शब्दाची शेकडो वर्षांची बसलेली घडी आहे. ती आपण उलटी केली. जो माणूस ‘या अटींवर मी राबणार नाही’ एवढंच म्हणतो आहे, त्याच्याच अंगावर आपण वेठीला धरणाऱ्याचा आळ घालतो. प्रवाशांचे हाल होतात, रुग्णांचे होतात, परीक्षा पुढे जातात. ते जरूर लिहा, ठळक लिहा, ती खरी बातमी आहे. त्यासाठी मराठीत खोळंबा आहे, हाल आहेत, गैरसोय आहे, फरफट आहे. फक्त वेठ तेवढी वेठबिगारांची राहू द्या.

त्याचबरोबर टाळेबंदीची आठवण करून देते. टाळेबंदी म्हणजे मालकाने गेटला कुलूप लावून कामगाराला बाहेर ठेवणं. हा संपासमोरचा, मालकाच्या हातातला शब्द. मार्च २०२० मध्ये ‘लॉकडाऊन’ला मराठी शब्द हवा होता आणि आपण घाईत हा उचलला. पाच-सहा वर्षांत असं झालं की आज विशीतल्या वार्ताहराला टाळेबंदी म्हटलं की करोना आठवतो. मग एखाद्या कारखान्याच्या गेटवर नोटीस लागते तेव्हा त्याच्या बातमीत ‘कंपनी बंद’ एवढंच येतं. कुणी बंद केली? बंद पडली की बंद केली? कर्ता हरवतो. संपाच्या बातमीत मात्र कर्ता कधी हरवत नाही, तिथे कामगार पहिल्या शब्दालाच हजर असतो. मी या मोसमात दोन्ही प्रकारच्या बातम्यांची कात्रणं काढून ठेवली आहेत, कुणाला पाहायची असतील तर दाखवीन.

अंगणवाडीतल्या बायकांचंही तसंच. त्यांना पगार मिळत नाही, ‘मानधन’ मिळतं. त्या कर्मचारी नाहीत, ‘सेविका’ आहेत. आपणही शासनाचे हे शब्द जसेच्या तसे छापतो. पण मार्च २०१८ मध्ये त्यांना मेस्मा, म्हणजे राज्याचा अत्यावश्यक सेवांचा कायदा, लावायचा निर्णय झाला, म्हणजे संप केला तर शिक्षा. त्यावर विधिमंडळात गदारोळ झाला आणि तो थांबवावा लागला. पगाराच्या वेळी त्या सेवाभावी बाया, आणि थांबल्या की अत्यावश्यक सेवा. ४ डिसेंबर २०२३ ला त्या पुन्हा उठल्या आणि पन्नास दिवसांहून अधिक बाहेर राहिल्या. ‘मानधन’वाल्यांनी स्वतःसाठी ‘संप’ हा कामगाराचा शब्द उचलला, यातच त्यांनी आपण कोण आहोत ते सांगितलं होतं. बातम्या मात्र ‘अंगणवाड्यांना कुलूप’ अशा. पुन्हा कुलूपच.

आता कायद्याचीही गोष्ट आली. औद्योगिक संबंध संहिता २०२० सालची, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात संपाच्या व्याख्येत एक भर आहे : एखाद्या दिवशी निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून किरकोळ रजा टाकली तर तोही संप. आणि नोटीस. आधीच्या १९४७ च्या कायद्यात नोटिशीची सक्ती लोकोपयोगी सेवांपुरती होती, आता ती सगळ्याच औद्योगिक आस्थापनांना आहे, किमान चौदा दिवस आधी. यावर मतं वेगवेगळी असतील, तुमचे अग्रलेखही दोन्ही बाजूंनी येतील. मी फक्त एका गोष्टीकडे बोट दाखवते. ही व्याख्या वाचा, किंवा १९४७ ची वाचा. दोन्हींत काम थांबणं पुरेसं नाही. माणसांनी ‘एकत्र येऊन’, ‘समान समजुतीने’ काम थांबवायला हवं, तरच तो संप. एकटा माणूस रागाने घरी बसला तर कायदा त्याला संप म्हणत नाही. म्हणजे कायद्याच्या रुक्ष भाषेला आजही आठवतं की संपात मुख्य गोष्ट एकी आहे. कायदा तिला घाबरून का होईना, पण ओळखतो. आपल्या मथळ्यांतून ती गेली.

ती कधी गेली, असं स्वतःला विचारलं तर मी १९८२ शी येऊन थांबते. अडीच लाख माणसं, साठच्या घरात गिरण्या. १९४६ च्या कायद्याने एकाच संघटनेला कामगारांच्या वतीने बोलायचा हक्क दिला होता, आणि कामगारांना आपला माणूस म्हणून दत्ता सामंत हवे होते. आपल्या वतीने कोण बोलणार हे आपण ठरवू, हीही त्या संपाची मागणी होती, बोनस आणि पगाराइतकीच मोठी. तो संप रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही. माणसं एकेक करून परतली, ज्यांना घेतलं ती. पुष्कळांना घेतलं नाही. बाबा त्यांतले. पुढे गिरण्यांच्या जागांवर काय उभं राहिलं ते तुमच्या कार्यालयांच्या खिडक्यांतून दिसतं. तेव्हापासून ‘संप’ म्हटलं की मराठी माणसाच्या मनात ‘संपलं’ येतं. ‘संपावर गेले ते संपले’ हे मी लग्नाच्या पंगतीत ऐकलं आहे, बाबा पानावर बसलेले असताना. त्यांनी हातातला घास खाली ठेवला नाही, पण त्यानंतर एक शब्दही ते बोलले नाहीत.

त्या दीड वर्षात आमच्या चाळीत काय झालं ते मला माहीत आहे, कारण मी तिथे होते. गावाकडून आलेला तांदळाचा डबा मजल्यावरच्या सहा खोल्यांत वाटला गेला. ज्या खानावळवाल्या मावशीकडे बाबा लग्नाआधी जेवायचे, तिने गिरणीतल्या एकट्या पोरांना उधारीवर जेवू घातलं आणि स्वतःच्या पाटल्या गहाण टाकल्या. कामावर गेलेल्या एका शेजाऱ्याशी कुणी बोलेना, आणि त्याच्या बायकोला दिवस गेले तेव्हा आईच रात्रीची तिच्या सोबतीला गेली. गुजराती काकांनी उधारीची वही बंद केली नाही. १९८५ साली आईने शिवणकामाच्या पैशांतून ते खातं फेडलं तेव्हा त्यांनी व्याजाचा आकडा मांडलेलाच नव्हता. हे सगळं त्या संपात होतं. तेव्हाच्या वर्तमानपत्रांत यातलं फारसं नव्हतं. आकडे होते, वाटाघाटी होत्या, दगडफेक होती.

माझी विनंती मोठी नाही. पुढचा संप होईल तेव्हा (आणि तो होईलच, कुठे वीज मंडळात, कुठे आशाताईंचा, कुठे डिलिव्हरीच्या पोरांचा) तुमच्या वार्ताहराला गेटवर, आगारात, मैदानावर पाठवा. किती गाड्या बंद होत्या ते त्याने विचारावंच. त्याबरोबर हेही विचारावं की ठराव कुठे झाला, किती जण बसले होते, कोण आधी नको म्हणत होतं आणि का तयार झालं, कुणाला त्या बैठकीला बोलावलंच नव्हतं. कंत्राटी कामगार आत होते का? बायका बोलल्या का? एकी खोटी असेल तर तसं लिहा. दमदाटीने माणसं थांबवली असतील तर तेही लिहा, त्याला संप म्हणू नका. आणि पहिल्या परिच्छेदात, प्रवाशांच्या हालांच्या शेजारी, मागणी काय आहे ते एका ओळीत येऊ द्या.

माझ्या जागी आता एक तरुण मुलगी प्रुफं वाचते. मी निवृत्त होताना तिला माझी शब्दांची वही दिली. त्यात ‘संप’ समोर मी लिहिलं होतं : ‘पु. एकी; एकीने केलेला ठराव; त्या ठरावानुसार काम थांबवणे.’ अर्थांचा क्रम मी मुद्दाम असा ठेवला आहे. ‘वेठीस धरणे’ समोर लिहिलं होतं : ‘संपाच्या बातमीत आल्यास उपसंपादकाला विचारावे.’ परवा तिचा फोन आला. तिने विचारलं होतं, आणि मथळा आहे तसाच गेला. तिला उत्तर तुम्ही द्यायचं आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त मुद्रितशोधक
(मूळची लालबागची)